हिरवं कडं

माझ्या नवऱ्याचं नाव शीतल. मिरज-सांगलीकडे आम्हा जैनांत हे नाव पुरुषांना सर्रास ठेवतात, त्यात विशेष काही नाही. विशेष एवढंच, की या नावाचा इतका तापट माणूस आमच्या सबंध नात्यागोत्यात दुसरा नव्हता. कुपवाडच्या एका फौंड्रीत तो सुपरवायझर होता. भट्टी जास्त तापते की मगदूमसाहेब, यावर तिथले कामगार पैजा लावायचे. घरी आला की भाजीतलं मीठ, दारासमोरचा खड्डा, शेजाऱ्यांनी आडवी लावलेली स्कूटर, कबड्डीच्या सामन्यातला पंच, काहीही त्याला पुरायचं. मनात मात्र काही ठेवायचा नाही. ओरडून झालं की पाच मिनिटांत चहा मागायचा, आणि आमची छाती तेव्हाही धडधडत असायची.

आमची मुलगी सन्मती एकटीच त्याला पुरून उरायची. ती सातवी-आठवीत असल्यापासून दोघं समोरासमोर बसून भांडायची, आवाज चढवून, मुद्द्याला मुद्दा. मी मध्ये पडले की दोघं मिळून मला गप्प करायची.

सहा वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार छत्तीस साली, फौंड्रीत तपासणीची गाडी आली. डोक्यावर हेल्मेटसारखं टोपडं घालून दहा मिनिटं बसायचं. सुई नाही, औषध नाही, दुखणं नाही. मेंदूतली प्रत्येक धमनी त्यात केसाएवढ्या बारकाव्याने दिसते. त्याच आठवड्यात शीतलला इस्पितळातून बोलावणं आलं. ते पत्र माझ्याच खिडकीवरून निघालं होतं, कारण त्या इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर मीच बसते. एकोणीस वर्षं झाली.

डॉक्टर लुबना शिकलगार आमच्या मिरजेच्याच. त्यांचे आजोबा सतारी बनवायचे. बाई बोलताना कागदावर रेघा ओढत जातात, आणि समोरच्याला समजल्याची खात्री झाल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. त्यांनी आम्हाला जे सांगितलं ते मी आजही तसंच सांगू शकते.

मेंदूला रक्त नेणाऱ्या चार मोठ्या धमन्या मानेतून वर चढतात आणि मेंदूच्या तळाशी एकमेकींना जोडल्या जाऊन त्यांचं एक रिंगण होतं. एक तुंबली तर बाकीच्यांनी तिचं काम उचलावं, अशी ती सोय. पुस्तकातल्या चित्रात हे रिंगण पुरं असतं. खऱ्या माणसांत निम्म्याहून जास्त जणांचं ते कुठे ना कुठे अपुरं असतं, एखादी बाजू बारीक असते, एखादी फांदी भलतीकडून निघालेली असते, आणि माणसं तेवढ्यावर ऐंशी वर्षं सुखाने जगतात. या रिंगणातून पुढच्या अंगाला दोन धमन्या निघतात, डाव्या मेंदूला एक, उजव्याला एक. हजारांत दोन-चार जणांत मात्र त्या आईच्या पोटातच एकमेकींत मिसळून जातात. मग एकच जाड धमनी दोन्हीकडचं रक्त घेऊन वर जाते आणि वर गेल्यावर दुभागते. त्या बेचक्यावर रक्ताचा सगळा मार बसतो. अंकलीच्या पुलाजवळ कृष्णा वळते तिथला काठ ती कसा खात जाते, तसं. तिथली धमनीची भिंत हळूहळू पातळ होते आणि बाहेर फुगते.

शीतलची धमनी अशी एकच होती, आणि बेचक्यावर फुगा होता. असा फुगा बाहेरून चिमटा लावून बंद करतात, किंवा आतून तारेचं वेटोळं भरतात, किंवा धमनीत जाळी बसवतात. पण शीतलच्या दोन्ही फांद्या फुग्याच्या तोंडातूनच निघालेल्या होत्या. फुगा दाबावा तर दोन्ही फांद्या दबणार, म्हणजे दोन्ही पाय जाणार, आणि बाई म्हणाल्या की असे रुग्ण पुढे बोलायचंही सोडून देतात. तेव्हा हात न लावणंच बरं. एरवी साध्या फुग्याला जे करतात, ते या वेगळ्या घडणीमुळे करता येत नव्हतं.

करण्यासारखं होतं ते कडं. तपासणीतून शीतलच्या धमन्यांची हुबेहूब प्रतिकृती कॉम्प्युटरात तयार केली होती, तिला सगळे धमनीछाया म्हणतात. मनगटावरचं कडं नाडीचा एकेक ठोका आणि त्यामागचा दाब त्या छायेला कळवतं. छायेत तसंच रक्त धावतं, आणि फुग्याच्या भिंतीला किती ताण बसतोय याचा हिशेब तिथल्या तिथे होतो. ताण सोसण्यासारखा असला की कड्यावरचा दिवा हिरवा. वाढला की पिवळा. तांबडा झाला की इस्पितळातून गाडी निघते. घरच्यांच्या मोबाइलवरही तोच रंग दिसतो. जड उचलायचं नाही, कुंथायचं नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही. आणि संताप करायचा नाही. बाई एवढंच म्हणाल्या, की यांना शांत राहू द्या. बाकीचं सगळं आमचं आम्ही केलं.

फौंड्रीने त्याला भट्टीवरून काढून स्टोअरमध्ये हातमोजे आणि चष्मे वाटायला बसवलं. पहिल्या दोन महिन्यांत दिवा चार वेळा पिवळा झाला. मग जयसिंगपूरला एका लग्नात त्याच्या लांबच्या मावशीने सन्मतीकडे बघून म्हटलं की पोरगी थेट चंदनासारखी दिसते. चंदना म्हणजे शीतलची धाकटी बहीण. माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधी, बावीस वर्षांची असताना, ती जिन्यावरून पडून गेली असं सासूबाईंनी मला सांगितलं होतं. घरात तिचा फोटो नव्हता. मावशींचं वाक्य पुरं व्हायच्या आत दिवा पिवळा होऊन तांबड्यावर गेला, आणि जेवणाच्या पंगतीतून आम्ही त्याला गाडीत घालून मिरजेला आणलं. फुगा फुटला नव्हता. पण मी पुरती घाबरले.

त्याच आठवड्यात सन्मतीने ती यादी केली. अण्णांसमोर न काढायचे विषय. पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली, कारण शीतल त्या डब्याला कधी हात लावत नाही. काकांची वाटणी. फौंड्रीतली बढती. नळाचं पाणी. कबड्डीतले पंच. सन्मतीचं लग्न. चंदनाआत्या, आणि त्याखाली दोन रेघा. वर एक डोळे वटारलेलं तोंडही काढलं होतं. तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि आम्ही दोघी त्या चित्राला हसलो होतो.

हळूहळू आमच्या घरात सगळे शहाण्यासारखं बोलायला लागले. शीतल काही म्हणाला की मी मान डोलवायची. सन्मती म्हणायची, "बरोबर आहे अण्णा." सगळ्या नात्यात निरोप गेला होता, त्यामुळे येणारा प्रत्येक जण हवापाण्याचं बोलायचा आणि कड्याकडे चोरून बघायचा. दिवा हिरवा राहायला लागला. मी दर तासाला मोबाइल बघायचे आणि मला समाधान वाटायचं. खरं सांगायचं तर अभिमानही वाटायचा.

एका रविवारी कबड्डीचा सामना लागला होता. शीतल मुद्दाम म्हणाला, की या चढाईपटूला घरी बसवायला पाहिजे. तो खेळाडू सन्मतीचा लाडका, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तो तिच्याकडे बघत थांबला. ती मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, बरोबर आहे अण्णा. त्याचं तोंड उतरलं. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला, "पोरगी माझ्याशी भांडतच न्हाई आता." मी म्हटलं, मोठी झाली. दिवा हिरवाच होता, म्हणून मी त्यापुढे विचार केला नाही.

आता फॉर्मचं सांगते.

धमन्यांची ही घडण घराण्यात चालू शकते, म्हणून सन्मतीचीही तपासणी अठराव्या वर्षी झाली होती. धमनी तिचीही एकच निघाली, पण फुगा नव्हता. पाच वर्षांनी परत बघू म्हणाले. पाच वर्षांनी ती तेवीसची झाली होती, ड्रोन उडवून द्राक्षबागांतला रोग हुडकायच्या कामावर लागली होती. एप्रिलमध्ये तिची दुसरी तपासणी झाली आणि बेचक्यावर चार मिलिमीटरचा फुगा दिसला.

तिच्या बाबतीत एक बरं होतं. तिच्या दोन्ही फांद्या फुग्याच्या तोंडापासून जरा बाजूला होत्या. जाळी बसवता येत होती. बाईंनी सांगितलं की शंभरांत चारांना त्यात काहीतरी इजा होते, म्हणून ऑपरेशन उगाच करायचं नाही. फुगा फुटायचा दर वर्षाचा धोका छायेनेच मोजायचा, आणि तो शंभरांत तीनच्या वर गेला तरच हात घालायचा. छाया नुसत्या चित्रावरून मोजत नाही, माणसाची माहितीही मागते, वय, दाब, तंबाखू, घराणं. ती माहिती नोंदणीच्या खिडकीवर भरायची. म्हणजे माझ्याकडे.

एकोणिसावा प्रश्न असा आहे: रक्ताच्या नात्यात कोणी चाळिशीच्या आत अचानक गेलं आहे का? खाली तीन चौकोन आहेत, होय, नाही, माहीत नाही. आता बाहेरच्या माणसाला वाटेल की माहीत नसेल तर 'माहीत नाही'वर टिक करावी. पण त्यावर टिक केली की पुढे चार पानं उघडतात, एकेका नातेवाइकाचं नाव, साल, कारण, आणि त्यातलं एक जरी रिकामं राहिलं तर फॉर्म पुढे सरकत नाही. खिडकीबाहेर बेळगावपासून पंढरपूरपर्यंतची माणसं तिष्ठत उभी असतात. कोणाचा चुलता कशाने गेला हे कोणालाही सांगता येत नाही. म्हणून आमच्या खिडकीवर एक रीत पडली आहे. माणूस अडखळला, की सरळ 'नाही'वर टिक करायची. मला ती माझ्या आधीच्या माळीकाकांनी शिकवली, आणि माझ्यानंतर आलेल्या सगळ्यांना मी शिकवली. शीतलचा फॉर्मही मी तसाच भरला होता. त्याचं ऑपरेशन होणारच नव्हतं, त्यामुळे त्याने काही बिघडलं नाही.

सन्मती खिडकीच्या आत माझ्या शेजारी स्टुलावर बसली होती. एकोणिसाव्या प्रश्नावर तिने माझा हात धरला.

"मम्मी, आत्या कशानं गेली?"

"जिन्यावरनं पडली."

"तू बघितलीस काय?"

"माझं लग्न नंतर झालं. आजीनं सांगितलं."

"मग अण्णांना एकदा विचारू की. साधं विचारू. कसं पडली म्हणून."

मी तिला जयसिंगपूरच्या पंगतीची आठवण दिली. बापाला हे विचारायचं म्हणजे आधी तुझा फुगा सांगावा लागणार, आणि मग चंदना काढावी लागणार, यादीत नसलेला सगळ्यात मोठा विषय आणि यादीतला सगळ्यात मोठा विषय, दोन्ही एका बैठकीत. तुला बाप पाहिजे का उत्तर पाहिजे, असं मी तिला विचारलं. तिने माझा हात सोडला. मग म्हणाली, की तसंही पडून गेली ते यात धरत नसतील. मी म्हटलं, तेच की. आणि 'नाही'वर टिक केली.

धोका दोन पूर्णांक एक आला. म्हणजे थांबायचं, आणि सहा महिन्यांनी परत बघायचं. शिकलगारबाईंनी स्वतःही मला एकदा विचारलं होतं, की घरात तरुणपणी असं कोणी गेलंय का. मी नाही म्हटलं. एकोणीस वर्षं हेच काम करणाऱ्या बाईवर त्यांनी विश्वास ठेवला, यात त्यांचं काय चुकलं?

शीतलला आम्ही काहीच कळू दिलं नाही. सन्मतीला कडं मिळालं नव्हतं, ते तीनच्या वरच्यांना देतात. मी मात्र घरात तिला पाण्याची बादलीही उचलू देत नव्हते. शीतलने दोनदा विचारलं, की पोरीला बरं नाही काय. मी म्हटलं, कंबर धरलीय. दिवा हिरवा होता.

ऑगस्टच्या एका सकाळी, साडेदहाच्या सुमाराला, माझ्या स्क्रीनवर नवीन नोंद उमटली. अॅम्ब्युलन्समधून पाठवलेली नोंद थेट खिडकीवर येते. मगदूम सन्मती शीतल, वय तेवीस, आरग. मी सवयीने पुढचा रकाना भरायला घेतला आणि तिथेच माझा हात थांबला.

आरगच्या बागेत तिने ड्रोन खाली उतरवला होता. बरोबरच्या मुलीला म्हणाली, की असं डोकं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं. बांबूला धरून खाली बसली. उलटी झाली. तेवढंच. गाडी वीस मिनिटांत पोहोचली होती, कोणी हयगय केली असं मला म्हणता येत नाही. इस्पितळात आणली तेव्हा श्वास यंत्रावर होता. दुपारी एक वाजता शिकलगारबाई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि आता मेंदूत काही उरलं नाही म्हणाल्या. त्या रडत होत्या. मला रडू येत नव्हतं, कारण मला एकच दिसत होतं, की आता शीतलला सांगायचं आहे.

त्याला कडं तपासायचंय म्हणून बोलावून घेतलं. एका खोलीत खाट, दाब उतरवायचं इंजेक्शन भरून ठेवलेलं, दारात नर्स, सगळी तयारी होती. तो आला आणि खाटेवर बसला. मी त्याच्यासमोर उभी राहिले.

"शीतल, सन्मती गेली," मी म्हटलं.

हे सांगताना लाज वाटते, पण सांगते. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. मी कड्याकडे बघितलं.

दिवा हिरवा होता. मग पिवळा झाला, अर्धा मिनिट असेल. नर्स पुढे आली. आणि तो परत हिरवा झाला. तसाच राहिला. नर्सच्या हातातलं इंजेक्शन हातातच राहिलं. मग मी मान वर केली. शीतलचं तोंड राखेसारखं झालं होतं, पण तो माझ्याकडेच बघत होता. इतकी वर्षं ज्या क्षणाला मी भीत आले होते तो येऊन गेला होता आणि हा माणूस बसलेला होता.

"डोकं दुखतंय म्हणाली काय?" त्याने विचारलं.

मी मान हलवली.

"आणि खाली बसली?"

"तुला कोण सांगितलं?"

"चंदी अशीच बसली." त्याचा आवाज अगदी खाली होता. "सैपाकघराच्या उंबऱ्यावर. स्थळ बघायला येणार होतं, ही नको म्हणत होती. मी वरडत होतो तिच्यावर. दादा, वरडू नको, डोकं फुटाय लागलंय, म्हणाली. मी म्हटलो, सोंग करू नको. बसली ती बसलीच."

पुढचं त्याने तुटक तुटक सांगितलं. सासूबाईंनीच ठरवलं, की जिन्यावरून पडली असं सांगायचं. नाहीतर लोक म्हणतील भावाने मारलं. त्याने हात लावला नव्हता. पण ओरडला होता, आणि आपल्या ओरडण्याने बहीण मेली असं त्याने मनाशी धरलं. आईला दिलेला शब्द म्हणून आई असेपर्यंत तो बोलला नाही. सासूबाई जाऊनही आता नऊ वर्षं झाली होती.

मी खाटेची कड धरली. एवढंच म्हटलं, की मग हे मला कधी सांगितलं का नाहीस.



"विचारली असतीस तर सांगितलो असतो की," तो म्हणाला.

दिवा हिरवा होता.

नवव्या दिवशी मी इस्पितळात गेले. रजा होती, तरी गेले. एखादा रुग्ण गेला की त्याची छाया बंद करायचं काम नोंदणीकडेच असतं. खिडकीवरच्या माझ्या जोडीदारणीने ते माझ्यासाठी ठेवून दिलं होतं, तिला ते करवलं नाही म्हणून की तिला माझं तोंड बघवत नव्हतं म्हणून, मला माहीत नाही. मी सन्मतीची छाया उघडली. एप्रिलमध्ये टोपड्याखाली बसली होती तेव्हाची तिची नाडी त्यात अजून चालू होती. मिनिटाला बहात्तर ठोके. ती एकच जाड धमनी वर जात होती, दुभागत होती, आणि बेचक्यावरचा तो छोटा फुगा प्रत्येक ठोक्याला जरासा भरत होता. मुलगी गेली होती आणि तिचं रक्त वाहत होतं. मी किती वेळ बघत बसले कोणास ठाऊक.

मग एकोणिसाव्या प्रश्नावर गेले. 'नाही'वरची टिक काढली आणि 'होय'वर केली. नातं आत्या, वय बावीस, अचानक डोकेदुखी.

छायेने चार-पाच सेकंद घेतले. सहा पूर्णांक चार. खाली तांबड्या अक्षरांत एक ओळ आली, की सात दिवसांत शस्त्रक्रिया करावी.

शिकलगारबाई मागे कधी येऊन उभ्या राहिल्या मला कळलं नाही. त्यांनी स्क्रीन वाचला. खुर्ची ओढून बसल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, चंदना, पंगत, आणि आमची खिडकीवरची रीतही. त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. मग त्यांनी विचारलं, की असे किती फॉर्म असतील. मी म्हटलं, मी एकटीनेच रोजचे तीस-चाळीस. त्या उठल्या आणि त्याच दुपारी सगळे जुने फॉर्म काढायला लावले. माणसांना फोन जाऊ लागले. पहिल्या दिवसाच्या यादीतच तीन नावं अशी निघाली, की फोन उचलणाऱ्याने सांगितलं, ते तर वारले.

घरी आले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. शीतल स्वयंपाकघरात होता. सन्मती गेल्यापासून पोळ्या तोच लाटायचा, वेड्यावाकड्या, आणि आम्ही त्या न बोलता खायचो. ओट्यावर पिठाचा डबा उघडा होता आणि झाकण त्याच्या हातात होतं. यादी त्याने आधीच वाचली होती. कधी वाचली होती, आज की आठवड्यापूर्वी, ते मी विचारलं नाही. तो बोटाने ते डोळे वटारलेलं तोंड पुसल्यासारखं करत होता.

मला गप्प बसता आलं असतं. यादीत आणखी एक ओळ, आणि ही फक्त माझ्या मनात. त्याचा फुगा आहे तसाच होता, त्यात काही खोटं नव्हतं. सन्मती गेल्याचं त्याने सोसलं म्हणून हेही सोसेल, असं कोणी सांगितलं होतं? नवऱ्याला जपायचं म्हणून मी सहा वर्षं जे केलं, तेच आणखी एकदा करायचं होतं. पण मला ते जमेना.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. एकोणिसावा प्रश्न काय आहे ते. पोरीने तुला विचारायचं म्हटलं होतं ते. दोन पूर्णांक एक आणि सहा पूर्णांक चार. जाळी बसली असती, शंभरातले शहाण्णव बरे होतात.

तो ऐकत राहिला. दिवा पिवळा झाला.

"फॉर्म कोण भरलं?"

"मी."

"आणि तिला गप कोण बसवलं?"

"मी."

त्याने झाकण ओट्यावर ठेवलं. मग कड्याची कळ दाबली, ते मनगटावरून काढलं आणि पोळपाटावर ठेवलं. सहा वर्षांत ते निघालं नव्हतं, खालची कातडी पांढरी पडली होती.

आणि तो ओरडला. भट्टीवर ओरडायचा तसा, आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी ओरडायचा तसा. मला काय मेलेला समजला होता काय, म्हणाला. सहा वर्षं मला बाहुल्यांसारखी मान डोलवून दाखवली. माझ्या पोरीचं दुखणं मला न्हाई सांगितलं. माझी पोरगी माझ्याशी भांडायची बंद केलीस तू. शेवटचे चार महिने ती माझ्यासमोर जेवत होती आणि मी तिला द्राक्षाचं विचारत होतो. त्याच्या कपाळावरची शीर उठली होती. समोरच्या घराची खिडकी उघडली, मग लागली. मला त्याचं एकही वाक्य खोडता येत नव्हतं.

माझा मोबाइल वाजत होता. कडं हातावर नाही, रुग्णाजवळ जा, असं त्यावर येत होतं. मी रुग्णापासून दोन हातांवर उभी होते. शांत हो, हे शब्द माझ्या ओठांवर सवयीने आले आणि मी ते गिळले. त्याला काही झालं असतं तर तेही माझ्याच माथी आलं असतं, हे मला त्या क्षणी पक्कं माहीत होतं. पण बाप आपल्या लेकीसाठी ओरडत होता, आणि त्याचा तेवढा हक्क मी आधीच खूप दिवस अडवून ठेवला होता.

मोबाइल थांबेना, म्हणून मी तो पिठाच्या डब्यात टाकला, वर झाकण लावलं, आणि त्याच्यासमोर जमिनीवर येऊन बसले.